रिझर्व्ह : एका मात्रेचा फरक

पहिल्या वर्षाला असताना माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण एक दिवस मला म्हणाली, "तू फारच रिझर्व्ह आहेस बाई!"

हा शब्द मला अगदीच नवा होता असे नाही. रेल्वेचे रिझर्वेशन असते, रिझर्व्ह बँक असते, आणि आमच्या थोरल्या काकांची जुनी मोटारसायकल आणे घाटात नेमकी अर्ध्या चढावर फुरफुरू लागली की ते खाली न उतरताच टाकीखालचा कॉक फिरवीत आणि म्हणत, "रिझर्व्हला लागली." एवढ्या तीन ठिकाणी तो मला भेटला होता. परंतु तो माणसालाही लागतो हे ठाऊक नव्हते. मी नुसती हसले. (हसून गप्प बसले, म्हणजे तिचे म्हणणे मीच सिद्ध केले!) दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे एस.टी.मधले ते आसन येत राहिले, ज्याच्यावर 'राखीव' असे लिहिलेले असते. रिकामे तर दिसते, पण तेथे बसावे की बसू नये हे कोणालाच नीट कळत नाही.

त्या दिवसापासून मी या एका शब्दाच्या मागे लागले. इंग्रजी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला शब्दकोश चाळण्याची खोड लागतेच. पण या शब्दाने मला शब्दकोशातून बाहेर काढून थेट आमच्या गावी, आणे पठारावरच्या आमच्या आजीच्या माजघरात नेऊन सोडले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम त्याचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत 'सर्वारे' असे एक क्रियापद आहे. सांभाळणे, जपणे, पहारा करणे हे त्याचे अर्थ. त्याला 'रे' म्हणजे 'मागे' हा उपसर्ग लागून 'रेसर्वारे' झाले: मागे राखून ठेवणे. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. प्रिझर्व्ह, कॉन्झर्व्ह, ऑब्झर्व्ह ही त्याचीच सख्खी भावंडे. 'सर्व्ह' हा शब्द मात्र दिसायला तसाच असला तरी या घरातला नाही. तो 'सर्वुस' म्हणजे गुलाम या शब्दावरून आलेला आहे. दिसण्यावर जाऊ नये हेच खरे. 'ऑब्झर्व्ह' म्हणजे पाहणे असे आपण शाळेत घोकतो, पण मौन पाळणे, व्रत पाळणे यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे, कारण मुळात त्यात सांभाळण्याचाच भाव आहे.

आता या मागे ठेवण्याचे प्रकार तरी किती! लढाईत सगळे सैन्य एकदम न झोकता एक तुकडी मागे ठेवतात, ती रिझर्व्ह. आपल्याकडचे राज्य राखीव पोलीस दल १९४८ सालचे. त्याच्या नावातला 'राखीव' हा तोच. अकरा खेळाडू मैदानात आणि बारावा तंबूत, तोही राखीव. लिलावात मालाला अमुक किमतीच्या खाली हात लावू द्यायचा नाही असे मालक मनाशी ठरवितो, ती राखीव किंमत. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून घेतात आणि निकाल राखून ठेवतात. घटनेच्या २०० व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपाल एखादे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवू शकतात. पुस्तकाच्या पहिल्या पानामागे 'सर्व हक्क राखीव' असतेच. एखाद्या ठरावाला मान तर डोलवायची पण मनात किंतु ठेवायचा, यालाही इंग्रज रिझर्वेशनच म्हणतो. आणि शेवटी, जो माणूस आपले मन चारचौघांत उघडे करीत नाही तोही रिझर्व्ह्ड.

आपल्या मराठीने यांतल्या बहुतेकांवर 'राखीव' ही एकच मोहोर उठविली. ती सरकारी मोहोर आहे असे मला वाटते. जिथे सरकारचा हात पोचला नाही तिथे आपल्याकडे पुष्कळ जिवंत शब्द आहेत. 'हातचे राखून' वागणे हा प्रयोग घ्या. इंग्रजीत तो जसाच्या तसा सांगताच येत नाही. पण गंमत अशी की बेरजेतला 'हातचा' याच्या अगदी उलट आहे. तो एक आपण लपवीत नाही. तो पुढच्या घराचा असतो म्हणून तेवढ्यापुरता हातात धरतो आणि पुढच्या घरात इमानाने देऊन टाकतो.

दुसरा असाच शब्द गंगाजळी. परकीय चलनाची गंगाजळी अमुक इतकी झाली, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. मूळची गंगाजळी म्हणजे काशीयात्रेहून आणलेले, तोंड बंद केलेले गंगेचे भांडे. ते देवघरात वर्षानुवर्षे पडून असते. घरातल्या कोणाची शेवटची घटका आली की त्याचे तोंड फोडायचे आणि दोन थेंब ओठांवर घालायचे. तहान लागली म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. १ एप्रिल १९३५ रोजी आपली रिझर्व्ह बँक सुरू झाली. इतर बँकांनी आपल्या ठेवींचा काही भाग तिच्याकडे रोख ठेवावाच लागतो. अडीनडीला उपयोगी पडावा म्हणून तो कर्जाऊ द्यायचा नाही. हे सारे अर्थशास्त्राच्या तासाला समजायला जड जाते. पण १९९१ साली देशापाशी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले आणि सोने परदेशी गहाण ठेवावे लागले, हे वाचताना 'गंगाजळी' हा शब्द कोणी योजला असेल त्याला मी मनोमन नमस्कार केला. भांड्याचे तोंड फोडण्याचीच ती वेळ होती.

हे सगळे गोळा करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. इंग्रजीतला हा एक शब्द मराठीत दोन क्रियापदांत विभागला जातो: राखणे आणि रोखणे. व्युत्पत्तीने या दोघांचे काही नाते नाही. राखणे 'रक्ष्' धातूपासून आले, रोखणे निराळ्या कुळातले. लिहिताना मात्र दोघांत फक्त एका मात्रेचा फरक आहे. जे राखतो ते कोणासाठी तरी असते, आणि जे रोखतो ते कोणापासून तरी. इंग्रजी शब्द दोन्ही एका पिशवीत घालतो, म्हणून तो सोयीचा आहे आणि म्हणूनच तो जपून वापरावा लागतो.

आता आजीच्या माजघरात जाऊ.

आमचे आणे हे जुन्नर तालुक्याचे पूर्वेकडचे टोक. बेल्ह्याकडून यायचे तर गुळुंचवाडीपासून घाट चढावा लागतो आणि वर आले की पठार लागते. पुढे पारनेर तालुका. आणे, पेमदरा, नळावणे, शिंदेवाडी ही या पठारावरची गावे. एकाच तालुक्यात नाणेघाटाच्या बाजूला भाताची खाचरे तुडुंब भरलेली असतात आणि आमच्याकडे बाजरी मान टाकते. पठारावर हुलगा, मटकी, बाजरी ही पावसावरची पिके. त्यांचे बी विकत आणायचे असते ही कल्पनाच आजीच्या तरुणपणी नव्हती. सुगीच्या वेळी शेतातली भरदार कणसे वेगळी काढायची आणि आढ्याला टांगायची. हुलग्या-मटकीचे बी चुलीतल्या राखेत कालवून मडक्यात भरायचे आणि तोंड शेणामातीने लिंपून टाकायचे. राखेमुळे किडा लागत नाही.

इथे भाषेनेच मला चकित केले. चुलीतली राख आणि राखणे हे दोन शब्द सारखे दिसतात हा योगायोग असेल असे मी समजत होते. परंतु राख हा शब्दही संस्कृत 'रक्षा' पासूनच आला आहे. राख ही जपणारी, राखणारी म्हणून रक्षा! अस्थिसंचयनानंतर आपण रक्षाविसर्जन म्हणतो, त्यातली रक्षा तीच. म्हणजे आजीच्या मडक्यात बी राखेत राखलेले होते असे म्हणताना मी काही शब्दखेळ करीत नाही.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी पुष्कळांनी घरच्या थोरामोठ्यांकडून ऐकला आहे. आजी तेव्हा नुकती विशीची होती. पदरी एकच मूल, ते म्हणजे आमचे हेच थोरले काका, तीन वर्षांचे. आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. घरात ज्वारी-बाजरीचा दाणा नव्हता, पण माजघरात बियाण्याची दोन मडकी लिंपलेली होती. आजीच्या सासूबाई रात्री त्या मडक्यांना डोके लावून निजत. चोराचे भय होते म्हणून नव्हे. घरातल्याच माणसांच्या हाताचे भय होते.

मी आजीला विचारले, तुम्ही एकदाही मडके फोडले नाहीत? ती म्हणाली, "आत्याबाईंनी बी राखलं म्हनून पुढल्या साली पाऊस झाला तवा पेरनी झाली. ते खरंच हाये. पर तुझा काका मडक्याकडं बोट दावून रडायचा, ते मी काय इसरले न्हाई."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. या दोन वाक्यांमध्ये आजी क्षणभरही थांबली नाही. पन्नासांहून अधिक वर्षे झाली. तिने सासूला दोष दिला नाही आणि माफही केलेले दिसत नाही. पुढच्या सालासाठी राखलेले तेच मडके त्या सालापुरते लेकराच्या तोंडापासून रोखलेले होते. कोणत्याही शब्दकोशाने मला रिझर्व्ह या शब्दाचा अर्थ इतका नीट सांगितला नाही.

एकदा ही किल्ली हाती आली तेव्हा मी इतर 'राखीव' गोष्टींनाही तोच प्रश्न विचारू लागले: कोणी राखले, कोणासाठी आणि कोणापासून?

जंगलाचे पाहा. इंग्रज सरकारने १८७८ च्या कायद्याने आणि पुढे १९२७ च्या कायद्याने जंगलांचे वर्ग पाडले. राखीव वन आणि संरक्षित वन यांतला फरक थोडक्यात असा सांगतात की, संरक्षित वनात जे मना केलेले नाही ते चालते, आणि राखीव वनात जे मुद्दाम परवानगी देऊन मोकळे केले नाही ते सगळे मना. म्हणजे हे राखणे कमी आणि रोखणेच अधिक. शेतकऱ्यांच्या गुरांची चराई या जंगल खात्याने कशी बुडविली याची तक्रार महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये केली आहे. याउलट आमच्याच शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, आहुप्यासारख्या ठिकाणी, देवराया आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवरायांचा अभ्यास केला तेव्हा विद्वानांचे तिकडे लक्ष गेले. देवराईतही झाड तोडायला बंदीच असते, नियम काही सैल नसतो. पण तेथे राखणारा आणि रोखला जाणारा एकच, तो म्हणजे गाव. देवराईला 'राखीव' अशी पाटी लागत नाही.

पाटीवरून राखीव जागांकडे वळते. या विषयावर आमच्या वर्गात वाद झाला की आवाज चढतात, म्हणून मी थोडक्यात बोलेन. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा राखल्या गेल्या. जागा राखल्या म्हणजे दुसऱ्या कोणापासून तरी त्या रोखल्या, अशी तक्रार ऐकू येते आणि व्याकरणाने ती बरोबरही आहे. पण त्याआधी काय होते? महाडच्या चवदार तळ्यावर कसली पाटी नव्हती. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेईपर्यंत ते अख्खे तळे राखीव होते. नगरपालिकेने ते खुले केल्याचा ठराव आधीच केलेला असूनसुद्धा. पाटी नसलेले राखणे फार जुने असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

तळ्यावरून आठवले. जलाशयाला इंग्रजीत जो रिझर्व्हॉयर शब्द आहे तोही याच कुळातला, फ्रेंचमधून आलेला. या बाबतीत आमचा तालुका श्रीमंत म्हणायचा. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणे जुन्नर तालुक्यात, आणि पाचवे डिंभे आंबेगाव तालुक्यात. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते गावच जलाशयाच्या तळाशी आहे. हे राखलेले पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. तेथल्या लोकांना ते मिळू नये असे मी म्हणणार नाही. तहान त्यांचीही तीच. पण आमचे पठार कालव्यांहून उंच पडते. पाणी वर चढत नाही, ते उपसून आणावे लागते. उपसा योजनेच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. उन्हाळ्यात घाटाच्या खाली हिरवे मळे दिसतात आणि वर टँकरची वाट पाहत हंडे ओळीने लावलेले असतात. हंड्यांची ती ओळ हेही एक रिझर्वेशनच आहे. पहाटे हंडा ठेवून बाई घरी गेली तरी तिचा नंबर कोणी घेत नाही.

आता माझ्या मैत्रिणीच्या वाक्याकडे येते, कारण मूळ प्रश्न तोच होता.

अबोल माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मितभाषी म्हटले की कौतुक होते. भिडस्त म्हटले की थोडी कीव येते. घुमा म्हटले की निंदा, आणि आतल्या गाठीचा म्हटले की संशय! शिष्ट म्हटले तर भांडणच. आपला प्रत्येक शब्द त्या माणसाबद्दल काही ना काही निवाडा देऊन मोकळा होतो. इंग्रजी शब्द तो देत नाही. निकाल राखून ठेवतो म्हणा ना. म्हणूनच माझ्या मैत्रिणीला मला न दुखावता तो सहज वापरता आला. साहेबाच्या देशात तर हा गुणच समजतात असे आमचे सर सांगतात.

पण माझ्यापुरते सांगायचे तर माझ्या गप्प राहण्यात गुणही नव्हता आणि अवगुणही नव्हता. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात वर्गात एका प्रश्नाला उत्तर देताना माझ्या तोंडून 'पानी' आणि 'न्हाई' असे शब्द गेले होते. मागच्या बाकांवर खसखस पिकली. फार काही झाले नाही, कोणी वाईट बोलले नाही, सरांनीही उत्तर बरोबर आहे असेच सांगितले. पण त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही. उत्तर येत असे, जिभेवर तयार असे, आणि तिथेच अडे. मैत्रिणीला वाटले की मी काहीतरी राखून ठेवते आहे. प्रत्यक्षात ते रोखले गेले होते, आणि रोखणारे हात माझे की बाकांवरच्या हसण्याचे हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

हे मी तिला गेल्या वर्षी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मीही हसले होते त्या दिवशी." तिने ही गोष्ट दोन वर्षे माझ्यापासून राखून ठेवली होती! आता आम्ही दोघी वर्गात मोठ्याने 'न्हाई' म्हणतो. सर प्रथम दचकले, आता सवय झाली आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिला मी गावी घेऊन गेले. एस.टी. घाट चढून वर आली तेव्हा दुपार झाली होती. थोरल्या काकांना बियाण्याच्या मडक्यांचे विचारावे असे मनात होते, पण ते जेवत होते आणि मला धीर झाला नाही. त्यांना त्यातले काही आठवते की नाही हे मी अजून विचारलेले नाही. मडकी तर कधीच फुटली. आता बी पिशवीतून येते आणि पिशवीवर लिहिलेले असते की हे खाऊ नये, कारण त्याला औषध चोळलेले असते.

टँकर दोन दिवस आलेला नव्हता. ओट्यावर चार हंडे होते. तीन उघडे आणि तळाला गेलेले, चौथा भरलेला, फडके बांधून ताटलीने झाकलेला. मैत्रिणीने विचारले, "आजी, हा कोणासाठी ठेवलाय?"

आजीने फडके सोडले, तांब्या बुडवला आणि तिच्या हातात दिला. म्हणाली, "आल्यागेल्याला."